धुरा साफ, धामण गायब: वावरातले साप-सरडे-घोरपडी टिकवायच्या तर या चुका टाळा

पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटून झाली की मार्च-एप्रिलात गावोगावी धुरे, म्हणजे वावराचे बांध, पेटतात. वावर साफ दिसतं, आणि पुढच्या रब्बीत हरभऱ्यात उंदीर माजले म्हणून ओरड होते. ते उंदीर खाणारी धामण त्याच धुऱ्याच्या बिळात होती!

घोरपडीचं तर आणखी वाईट. ती पावसाळ्यात मातीत, कधी वारुळात अंडी घालते. ती फुटायला सहा ते आठ महिने लागतात. म्हणजे पिल्लं बाहेर यायची आणि आपण काडी लावायची वेळ एकच. गवत विळ्यानं कापा, तेही एका साली एकाच बाजूचं. बोरी आणि वारूळ राहू द्या. वारूळ पिकाच्या आड येत नसेल तर ते फोडायची घाई कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

भंडारा-गोंदियाकडे मामा तलावाचा (जुन्या माजी मालगुजारी तलावाचा) गाळ काढताना अशीच घाई होते. पाणी आटलं की मऊ पाठीची कासवं चिखलात गाडून घेतात आणि जेसीबीच्या दातात येतात. अर्धा तलाव यंदा, अर्धा पुढल्या साली काढा. काठाला सगळीकडे दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) नको, अंडी घालायला थोडा मातीचा उतार ठेवा.

साप-सरड्यांच्या आसऱ्याला धुऱ्यावर दगडांची रास रचली, तरी काही फिरकत नाही? बहुतेक ती सावलीत असते किंवा फटी मातीनं लिंपलेल्या असतात. सकाळचं ऊन लागेल अशी, धुऱ्याच्या गवताला जोडून, सैल रचा. मात्र घर-गोठ्यापासून लांब. तिथं घोणसही येईल, हात घालू नका. कुटार (जनावरांचा भुसा) आणि सरपणाचा ढीगही भिंतीला टेकवू नका, उंदरांमागं साप घरात येतो आणि मग काठी निघते.

रानडुकरांसाठी लावलेलं मासोळीचं जाळं पीक निघताच गुंडाळा. त्यात अडकलेला साप ओढला की धागा आणखी रुततो. स्वतः सोडवायला जाऊ नका; सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 वर फोन करा, तोवर जाळ्यावर सावली धरा.

बिनकठड्याच्या विहिरीत एक खरबरीत, लांब फांदी तिरपी सोडून ठेवा. पडलेला जीव तिच्यावरून वर येतो.