पेनड्राइव्ह उघडेनासा झाल्यावर पहिल्या तासात काय करावे

पेनड्राइव्ह लावल्यावर ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशा अर्थाची चौकट विंडोजने दाखवली, तर ‘कॅन्सल’ दाबावे आणि पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवावा. संगणकाला फाइलींची अनुक्रमणिका वाचता आली नाही, एवढाच त्या चौकटीचा अर्थ असतो. अनुक्रमणिका फाटली म्हणून पुस्तकातली प्रकरणे नाहीशी होत नाहीत; पण फॉरमॅट केले की तिथे कोरी अनुक्रमणिका बसते, आणि पुढे टाकलेली प्रत्येक नवी फाइल जुन्या मजकुरावर लिहिली जाण्याचा धोका निर्माण होतो.

मी अक्षरजुळणीचे काम करतो. एका दिवाळी अंकाचे शेवटचे दोन फॉर्म, म्हणजे 32 पाने, पेनड्राइव्हवर घालून मी छापखान्यात गेलो आणि तिथे ही चौकट उमटली. तिथल्या ऑपरेटरने चांगल्या हेतूने विंडोजची ‘चेकडिस्क’ ही दुरुस्ती चालवली. पेनड्राइव्ह उघडला खरा, पण माझ्या पानांच्या जागी ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात नुसते क्रमांक दिलेले तुकडे होते. ही दुरुस्ती अनुक्रमणिका सुसंगत करते, आणि ते करताना जे जुळत नाही ते तोडून टाकायला मागेपुढे पाहत नाही. म्हणून हातात दुसरी प्रत नसेल तर ती चालवू नये.

बिघाड खरा आहे का, हे आधी पाहावे. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील, तर बहुधा तो व्हायरस असतो. फाइली शाबूत असून केवळ लपवलेल्या असतात. अशा वेळी शॉर्टकटवर क्लिक न करता फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडावा, ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ लपवण्याची खूण काढावी आणि दिसू लागलेल्या फाइली उतरवून घेऊन अँटीव्हायरसने तपासाव्यात.

तसे नसेल तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. पेनड्राइव्हची क्षमता बरोबर दिसत असेल आणि पुढे ‘रॉ’ (म्हणजे अनुक्रमणिका ओळखता आली नाही) असे लिहिलेले असेल, तर आशेला बरीच जागा आहे. क्षमतेच्या जागी ‘नो मीडिया’ दिसत असेल, तर आतला कंट्रोलर (मेमरी चिपचा कारभार पाहणारा भाग) आपल्या चिपपर्यंत पोहोचत नाही, आणि इंटरनेटवरचे कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर तिथे उपयोगाचे नाही. फाइली उघडतात पण काही लिहिता येत नाही, ही खूण पुष्कळदा झिजलेल्या चिपची असते; पेनड्राइव्हला कडेला लॉकचे बटण नसेल, तर ते कुलूप तोडण्याच्या खटपटीत न पडता आधी सगळे उतरवून घ्यावे. कनेक्टर वाकून संपर्क तुटला असेल, तर मजकूर सहसा सुरक्षित असतो आणि काम सोल्डरिंगचे असते. मात्र ते मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर घाईने करून घेऊ नये. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय सांगणारे लोक अजून भेटतात. त्याने फक्त ओल धरते.

क्षमता दिसत असल्यास सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे पेनड्राइव्हची संपूर्ण इमेज काढणे, म्हणजे फाइली न उघडता पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे साठवणीचा छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत जे आहे ते एका मोठ्या फाइलीत उतरवणे. मरणपंथाला लागलेला पेनड्राइव्ह किती वेळा वाचू देईल हे सांगता येत नाही, म्हणून ही संधी फाइली शोधण्यात घालवू नये. शोधाशोध नंतर इमेजवर हवी तितकी करता येते. लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन यासाठी उत्तम आहे (उबंटूत त्याच्या पॅकेजच्या नावाआधी एक ‘जी’ जादा असतो, तेथे पुष्कळजण अडखळतात). ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारे सेक्टर मागे ठेवते आणि काय वाचले, काय राहिले याची एका मॅप फाइलीत नोंद ठेवते. त्यामुळे पेनड्राइव्ह तापून त्याचा संपर्क मध्येच तुटला, तरी तो थंड होऊ द्यावा आणि तीच मॅप फाइल देऊन काम पुढे चालू करावे. आज्ञा लिहिताना आधी पेनड्राइव्ह, मग इमेज, शेवटी मॅप हा क्रम दोनदा तपासावा, आणि कोणता ड्राइव्ह आपला आहे हे त्याच्या क्षमतेवरून ओळखावे. 16 जीबीच्या पेनड्राइव्हसाठी संगणकावर तेवढी रिकामी जागा लागते, मग त्यावर फाइली दोनच का असेनात. हब किंवा पुढचा पोर्ट टाळून डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात पेनड्राइव्ह लावावा.

इमेज तयार झाली की तिची आणखी एक प्रत करून त्या प्रतीवरच काम करावे. प्रथम ‘टेस्टडिस्क’ हे साधन वापरावे, कारण अनुक्रमणिकेचा काही भाग शिल्लक असल्यास ते फाइली मूळ नावांनी आणि फोल्डरांसह काढून देते. फॅट-32 या मांडणीच्या प्रकारात तर बूट सेक्टरची, म्हणजे ड्राइव्हची मांडणी सांगणाऱ्या पहिल्या सेक्टरची, राखीव प्रत सहसा 6 क्रमांकाच्या सेक्टरमध्ये असतेच. ते जमले नाही तर त्याचेच जोडसाधन असलेले ‘फोटोरेक’ चालवावे. ते अनुक्रमणिका सोडून देऊन फाइलीच्या सुरुवातीच्या खुणांवरून ती ओळखते, त्यामुळे नावे जातात आणि विखरून साठलेल्या मोठ्या फाइली अर्धवट येण्याची शक्यता असते. शेकडो अनामिक फाइलींतून आपली पाने निवडणे हे मग हाताचे काम.

या टप्प्यावर मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांची एक हमखास फसगत होते. परत मिळालेली फाइल उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि ती खराब समजून फेकली जाते. मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट त्या संगणकावर नसेल, तर चांगली फाइलही तशीच दिसते. आधी फॉन्ट बसवावा, मग निर्णय घ्यावा. याच कारणाने अशा फाइलींत देवनागरी शब्द टाकून शोध घेतल्यास काहीही सापडत नाही. पानांची संख्या, तारखा आणि फाइलीचा आकार यांवरून ओळख पटवावी लागते.

इमेज निघायला वेळ लागतो; तेवढ्यात इतर प्रती शोधाव्यात. ग्राहकाला तपासायला पाठवलेली पीडीएफ ईमेलच्या ‘सेंट’मध्ये असते, व्हॉट्सॲपवर गेलेली असते, आणि प्रिंट काढलेल्या दुकानदाराच्या ‘डाउनलोड्स’मध्ये तर महिनोन्महिने पडून असते. वर्डमध्ये ‘इन्फो’खालील ‘मॅनेज डॉक्युमेंट’मध्ये सेव्ह न केलेली कागदपत्रेही पाहता येतात.

‘नो मीडिया’च्या पेनड्राइव्हसाठी डेटा रिकव्हरीची प्रयोगशाळा हाच मार्ग उरतो. तिथे देताना तपासणीचे शुल्क किती, काहीच न मिळाल्यास पैसे किती, आणि पैसे भरण्यापूर्वी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, हे लेखी घ्यावे. चिप आणि कंट्रोलर एकाच काळ्या तुकड्यात असलेल्या अगदी छोट्या पेनड्राइव्हचे काम अधिक किचकट असते, हे आधीच गृहीत धरावे.

फाइली मिळाल्या तरी प्रत्येक पान शेवटपर्यंत उघडून पाहावे, कारण पहिली चार पाने ठीक असून पाचव्यावर चित्राची जागा राखाडी निघाल्याचे मी पाहिले आहे. तोवर मूळ पेनड्राइव्ह लखोट्यात घालून, वर तारीख आणि ‘लावू नये’ असे लिहून, अंक छापून हातात येईपर्यंत खणात ठेवावा.