गुरू जवळ नसताना टिन व्हिसल: नाशिकमध्ये राहून आयरिश संगीत कसं शिकावं

नाशिकमध्ये बासरीचा वर्ग शोधला तर मिळतो, तबला-हार्मोनियमचे तर गल्लोगल्ली आहेत. आयरिश वाद्य समोर बसून शिकवणारं मात्र सहसा कोणी सापडत नाही. त्यामुळे अडतं ते एकाच ठिकाणी. बोटं कुठे ठेवायची हे पाच मिनिटांत कळतं, धुना इंटरनेटवर हजारोंनी आहेत. नसतो तो तुमची चूक तिथल्या तिथे पकडणारा कान. एकट्याने शिकायचं तर सगळी आखणी हा कान तयार करण्यासाठी करावी लागते.

वाद्य म्हणून टिन व्हिसलच घ्या, म्हणजे टोकातून फुंकायची सहा छिद्रांची छोटी आयरिश बासरी. युलियन पाइप्सला (आयरिश बॅगपाइपला) जाणकाराशिवाय हात घालू नये. रीड बिघडली की इथे दुरुस्त करणारं कोणी नाही. फिडल, म्हणजे व्हायोलिन, चालेल, पण कर्नाटकी किंवा हिंदुस्तानी व्हायोलिनची बैठक आणि गजाची सवय आधी मोडावी लागते. व्हिसल स्वस्त आहे, खिशात मावते आणि जवळजवळ सगळ्या नाचाच्या धुना तिच्यावर वाजतात. मेरी बर्गिन किंवा आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातले मायको रसेल या व्हिसलवादकांचं वादन ऐकलंत तर हे खेळणं नव्हे याची खात्री पटेल.

विकत घेताना सूर 'डी'च हवा, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी दोन. सी, बी फ्लॅट, लो डी असे बरेच प्रकार दिसतील. सुरुवातीला ते नकोत, कारण बहुतेक धडे आणि ध्वनिमुद्रणं डीमध्ये आहेत. जनरेशन, फीडोग, क्लार्क, डिक्सन ही नावं चांगली. क्लार्क कंपनी 1843 पासून व्हिसल बनवते. तिची मूळ घडणीची व्हिसल निमुळत्या पत्र्याची असते, तोंडाशी लाकडी ठोकळा असतो, आवाज मऊ आणि थोडा हवेशीर. सुरात कमी-जास्त करण्याची सोय मात्र तिच्यात नसते. जनरेशन किंवा फीडोगचं प्लास्टिकचं माउथपीस नळीवर सरकतं: बाहेर ओढलं की सूर उतरतो, आत ढकललं की चढतो. काही नगांचं माउथपीस गोंदाने घट्ट बसलेलं असतं. ते गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, अर्धा-एक मिनिट बुडवून हलक्या हाताने पिळा, सुटतं. जत्रेत मिळणाऱ्या शिट्टीच्या बासरीवर सुरुवात करू नका. तिचे स्वर एकमेकांशी जुळतीलच असं नाही आणि तुमचा कान चुकीच्या सुराला सरावतो.

डावा हात वर, उजवा खाली. छिद्रं बोटांच्या टोकांनी नव्हे, पेरांच्या मऊ भागाने झाका. उजवी करंगळी नळीवर नुसती टेकवा, म्हणजे सगळी छिद्रं मोकळी असतानाही व्हिसल डगमगत नाही. माउथपीस ओठांत सुमारे एक सेंटिमीटर, दात न लावता. सहाही छिद्रं बंद केली की खालचा डी. मग खालून एकेक बोट उचलत जा: ई, एफ शार्प, जी, ए, बी आणि सगळं मोकळं झालं की सी शार्प. कोमल सी (शार्प नसलेला साधा सी) हवा असेल तर पहिलं, म्हणजे माउथपीसजवळचं, छिद्र उघडं, दुसरं-तिसरं बंद, खालची तिन्ही उघडी. तो चढा लागला तर उजव्या हाताचं एखादं बोट खाली ठेवून बघा, प्रत्येक व्हिसलची खोड वेगळी असते. वरच्या सप्तकासाठी बोटं तीच, फुंकर जरा जोरकस. फक्त वरचा डी वाजवताना पहिलं छिद्र उघडं ठेवा, तो स्वच्छ लागतो.

खालचा डी किंचाळला तर आधी फुंकरीला दोष देऊ नका. दहातल्या नऊ वेळा अनामिकेखालून हवा गळत असते, बहुधा उजव्या हाताच्या. आरशात बघा किंवा बोटं घट्ट दाबून मग उचला: पेरांवर छिद्राची पूर्ण गोल खूण उमटली पाहिजे. अर्धा चंद्र दिसला तर गळती तिथेच. अशी खात्री करून झाली की मगच फुंकर कमी करून पाहा.

बासरी वाजवणाऱ्यांना इथे मोठा फायदा आहे. बासरीत वरची तीन छिद्रं बंद म्हणजे सा. व्हिसलवर त्याच जागी जी येतो. जीला सा माना, मग ए रे, बी ग, कोमल सी शुद्ध म, सगळं मोकळं तो तीव्र म, आणि सगळं बंद तो प. म्हणजे जीमधल्या धुना तुमच्या बोटांत आधीच आहेत. शुद्ध म बासरीवर अर्धं छिद्र उघडून काढता, इथे त्याऐवजी वर दिलेली बोटं, एवढाच फरक. डीमधल्या धुनांत सगळं बंद तोच सा. थाटांची ओळख असेल तर आणखी सोपं: डी आणि जीमधल्या बऱ्याच धुना बिलावलच्या स्वरांत, ईवर विसावणाऱ्या पुष्कळशा काफीच्या, आणि एवर थांबणाऱ्या कधी काफीच्या तर कधी खमाजच्या. राग मात्र शोधू नका. चलन, वादी-संवादी हे इथे लागू होत नाही. धून आठ-आठ मात्राखंडांच्या (बारच्या) दोन भागांची असते, प्रत्येक भाग दोनदा, आणि सगळी धून सहसा तीनदा वाजवून लगेच दुसरी जोडतात.

बासरीवाल्यांच्या दोन सवयी मात्र नडतात. पहिली फुंकरीची: व्हिसलला फारच थोडी हवा लागते, बासरीइतकी दिली की स्वर चढून वरच्या सप्तकात उडी मारतो. दुसरी मींड. नाचाच्या धुनेत स्वर तुटक, ताल धरून येतात. प्रत्येक स्वराला घसरत गेलात की पाय थिरकायचे थांबतात. उलट, शाळेत रेकॉर्डर शिकलेली मुलं प्रत्येक स्वरावर जीभ मारतात, तेही इथलं वळण नव्हे. बहुतेक स्वर एका फुंकरीत बांधलेले, जीभ अधूनमधून, जिथे वजन द्यायचंय तिथे.

पहिले दोन आठवडे धून नको. मोबाईलवर तानपुऱ्याचं अॅप लावा, पांढरी दोनवर. खालच्या डीपासून वरच्या बीपर्यंत प्रत्येक स्वर आठ सेकंद धरा आणि तानपुऱ्याशी मिळतोय का ते ऐका. ट्यूनरकडे बघत वाजवू नका. आधी कानाने ठरवा, मग ट्यूनरने पडताळा. हा क्रम उलटा केला तर कान कधीच तयार होत नाही. मग बी आणि वरचा डी यांत ये-जा करा. एका बोटावरून पाच बोटं एकदम पडताना मध्ये एक चुकार स्वर डोकावतो. तो पूर्ण नाहीसा होईपर्यंत वेग वाढवायचा नाही.

धून ऐकून शिका, नोटेशनवरून नाही. 'द सेशन' या संकेतस्थळावर एबीसी लिपीत (इंग्रजी अक्षरांनी स्वर लिहायच्या पद्धतीत) हजारो धुना आहेत आणि त्या उपयोगी आहेत, पण लिपीत सगळे स्वर सारख्या लांबीचे दिसतात. वाजवताना ते सारखे नसतात. पहिला जरा रेंगाळतो, दुसरा आखडतो, आणि हा झोल कागदावर मावत नाही. एकच ध्वनिमुद्रण निवडा, शक्यतो एकट्या व्हिसलचं, साथीशिवाय. तीन-चार दिवस नुसतं ऐका, येता-जाता, गुणगुणता येईपर्यंत. मग यूट्यूबचा वेग 0.5 करा (स्वर बदलत नाहीत) आणि दोन-दोन मात्राखंडांचे तुकडे काढा. सूर जुळतच नसेल तर वादक ई फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी दोनवर वाजवत असण्याची शक्यता मोठी; तिकडे ही रूढ पद्धत आहे. तेव्हा दुसरं ध्वनिमुद्रण शोधा किंवा स्वर अर्ध्याने उतरवणारं अॅप वापरा.

पहिली धून 'ईगन्स पोल्का' घ्या, दोनच्या ठोक्याची, सोपी. त्यानंतर 'द केश' ही जीमधली जिग. जीला सा मानून तिची सुरुवात अशी:

सा ऽ ऽ सा रे ग | रे ऽ ऽ रे ग प | ध प प सां प प | ध प ग प ग रे |

जिग म्हणजे तीन-तीनचे दोन गट. दादरा मनात असेल तर मोजणं जमतं, मात्र दादऱ्यासारखी खाली-भरी इथे नाही. मेट्रोनोम मिनिटाला 60 वर ठेवा, प्रत्येक ठोक्यात तीन स्वर. चूक न होता सलग तीनदा वाजली की 4 ने वाढवा. नाचाला 110 च्या आसपास वेग लागतो, पण तिथवर जायला महिने गेले तरी चालतील. रील या दुसऱ्या नाचाच्या धुनेत एका खंडात आठ स्वर, केहरव्याच्या आठ मात्रांसारखे. श्वासासाठी धून थांबवू नका. एखादा कमी महत्त्वाचा स्वर गाळा आणि त्या जागी श्वास घ्या. जागा आधी ठरवून ठेवा, नाहीतर दम जाईल तिथे धून तुटते.

अलंकार याच धुनेत येतात. पहिल्या खंडातला लांब सा बघा. तिथे 'रोल' घालतात. त्याचे दोन घटक आहेत. 'कट' म्हणजे वरचं एखादं बोट निमिषभर उचलणं. खालच्या डीपासून जीपर्यंत डाव्या अनामिकेने, एसाठी मधल्या बोटाने, बीसाठी तर्जनीने. 'टॅप' म्हणजे खालच्या उघड्या छिद्रावर बोट आपटून लगेच उचलणं. जीसाठी उजवी तर्जनी. रोल असा: जी, कट, जी, टॅप, जी, आणि हे सगळं तीन मात्रांच्या जागेत. आधी जिभेने तीन समान जी वाजवा, मग दुसऱ्या जीच्या आधी जीभ काढून कट, तिसऱ्याच्या आधी टॅप. कटमध्ये वेगळा स्वर ओळखू आला तर बोट जास्त वेळ वर राहिलंय. तो खटका ऐकू यावा, स्वर नव्हे. खालच्या डीवर रोल होत नाही, कारण टॅप करायला खाली छिद्रच उरत नाही. तिथे 'क्रॅन' नावाचा नुसत्या कटांचा अलंकार असतो, तो वर्षभराने घ्या.

आता चुका पकडणारा कान. आठवड्यातून एकदा मोबाईलवर एक धून पूर्ण रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. ताज्या वादनात आपल्याला बोटांची मेहनत आठवते, आवाज ऐकू येत नाही. मूळ ध्वनिमुद्रण अर्ध्या वेगाने लावा, तुमचं नेहमीच्या वेगाने, आळीपाळीने चार-चार खंड. एका वेळी एकच गोष्ट तपासा: एकदा फक्त लय, एकदा फक्त श्वासाच्या जागा, एकदा फक्त कट. पाय आपटत ऐका. पाय जिथे अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करा.

सरावाची जागा ठरवताना एक लक्षात ठेवा. गंगापूर धरणावर किंवा पांडवलेणीच्या टेकडीवर वाजवायची हौस सगळ्यांना असते, पण माउथपीसच्या खिडकीवरून, म्हणजे वरच्या चौकोनी खाचेवरून, आडवा वारा गेला की स्वर लागतच नाही. आडोसा हवा. फ्लॅटमध्ये वरचं सप्तक शेजाऱ्यांच्या कानात घुसतं. खिडकीच्या रुंदीचा थोडा भाग चिकटपट्टीने झाका, आवाज बसतो. सूर किंचित उतरतो, तो माउथपीस ढकलून सांभाळा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा खाली असताना थंड नळी उतरी बोलते आणि फुंकर जाते त्या हवेच्या फटीत वाफेचं पाणी साचून आवाज घुसमटतो. आधी पाच मिनिटं व्हिसल खिशात किंवा काखेत ठेवा. पाणी साचलंच तर खिडकीवर बोट हलकेच ठेवून जोरात फुंका. वारंवार होत असेल तर भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून फटीतून सोडा आणि न पुसता वाळू द्या.

चार-सहा महिन्यांनी आयर्लंडमधल्या शिक्षकाचे एक-दोन ऑनलाइन तास नक्की घ्या. वेळेचा हिशोब आधी करा: हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र, म्हणून शनिवारी त्यांचे सकाळचे दहा मागा. इथे दुपारचे साडेतीन किंवा अडीच होतील. कॉलवर दोघांनी एकत्र वाजवणं जमत नाही, आवाज उशिरा पोचतो. त्यामुळे दोन धुनांचं रेकॉर्डिंग आधीच पाठवा आणि तासात नवी धून मागू नका. लय कुठे ढळते, कट कुठे उशिरा येतो आणि फुंकर कुठे जास्त होते, एवढंच विचारा.