डिस्कॉर्डवर बॉट बसवताना या चुका टाळा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे ‘आज आपली पाळी आहे का?’ हा प्रश्न डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर सोसायटीचा सर्व्हर, म्हणजे ग्रुप असेल, तर तिथे पडणारच. ‘/पाणी’ लिहिलं की तारीख-वेळ सांगणारा आणि पाळीच्या पहाटे आठवण करून देणारा बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, पायथनमध्ये पन्नासेक ओळींत होतो. घोडं अडतं ते बहुतेक वेळा डिस्कॉर्डच्या सेटिंगमध्ये.

पहिली तक्रार ठरलेली: बॉट ऑनलाइन दिसतो, पण ‘!पाणी’ असा साधा मेसेज लिहिला तरी ढिम्म. २०२२ पासून चॅनलमधल्या मेसेजचा मजकूर बॉटला आपोआप मिळत नाही. त्यासाठी ‘मेसेज कंटेंट इंटेंट’ ही मजकूर वाचायची मुभा दोन ठिकाणी चालू करावी लागते, डिस्कॉर्डच्या डेव्हलपर पोर्टल या वेबसाइटच्या ‘बॉट’ पानावर आणि कोडमध्ये. फक्त कोडमध्ये इंटेंट चालू केला, तर बॉट सुरूच होत नाही आणि ‘प्रिव्हिलेज्ड इंटेंट्स रिक्वायर्ड’ असा एरर येतो. फक्त पोर्टलवर केला, तर बॉट सुरू होतो, पण मजकूर रिकामा येतो. हा दुसरा प्रकार जास्त छळतो, कारण बॉट बंद पडत नाही. बॉट जिथून चालवता त्या टर्मिनलच्या खिडकीत एक वॉर्निंग येते, पण ती वाचतो कोण?

खरं तर नव्या बॉटला हा इंटेंट हवाच कशाला? ‘/पाणी’सारखी ‘/’ने सुरू होणारी स्लॅश कमांड वापरा, तिला मेसेजचा मजकूर वाचावा लागत नाही. कमांडचं नाव देवनागरीत चालतं, फक्त ३२ अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता. भागाचं नाव मात्र लोकांना टाइप करायला लावू नका. कुणी ‘जुळे सोलापूर’ लिहितो, कुणी ‘जुळे सोलापुर’, आणि कोडसाठी ते दोन वेगळे शब्द असतात. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड असे तयार पर्याय द्या. एका यादीत २५ पर्याय बसतात.

कमांड यादीत दिसत नसेल, तर सिंक, म्हणजे कमांडची यादी डिस्कॉर्डला कळवणं, बहुधा राहिलेलं असतं. ते एकदा करून ॲप रिफ्रेश करा. सिंक ‘ऑन रेडी’मध्ये, म्हणजे बॉट जोडला गेल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, टाकू नका. जोडणी तुटून पुन्हा जुळली की तो भाग परत चालू शकतो आणि रेट लिमिट लागू शकते, म्हणजे फार वेळा विचारलं म्हणून डिस्कॉर्ड थांबवतं. ‘ॲप्लिकेशन डिड नॉट रिस्पॉन्ड’ आलं, तर उत्तराला ३ सेकंदांहून जास्त वेळ लागला असं समजा. आधी ‘डिफर’ करा, म्हणजे ‘उत्तर देतोय’ असं कळवा, मग १५ मिनिटं मिळतात.

आता पहाटेची आठवण. वेळ ६ लावली आणि मेसेज साडेअकराला आला, म्हणजे पाणी येऊन गेल्यावर! डिस्कॉर्ड डॉट पीवाय या पायथनच्या लायब्ररीत ठरल्या वेळी काम करणारा ‘टास्क लूप’ असतो. त्याला टाइमझोन दिला नाही, तर तो यूटीसी ही जागतिक वेळ धरतो, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. लॅपटॉप सोलापुरात असला तरीही. आशिया-कोलकाता हा झोन द्या. विंडोजवर त्यासाठी ‘टीझेडडेटा’ पॅकेज टाकावं लागतं. ते नको असेल तर यूटीसीप्रमाणे ००:३० लिहा. आपल्याकडे घड्याळ मागे-पुढे होत नाही, त्यामुळे वर्षभर चालतं. विंडोजवरच वेळापत्रकाच्या फाइलमधलं मराठी विचित्र चिन्हांत दिसलं, तर फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या.

टोकन, म्हणजे बॉटचा पासवर्ड, कोडमध्ये लिहून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर चढवू नका. वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये ठेवा आणि तिचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे वर न चढवायच्या फाइलींच्या यादीत, घाला. चुकून गेलंच, तर ती ओळ पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीत, टोकन राहतंच. पोर्टलवर लगेच ‘रिसेट टोकन’ करा. कालपर्यंत चालणारा बॉट अचानक ‘इम्प्रॉपर टोकन’ म्हणू लागला, तर आधी हीच शंका घ्या, कारण उघड्यावर सापडलेलं टोकन डिस्कॉर्ड स्वतःच रद्द करू शकतं.

बॉटला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार देऊ नका. चॅनल पाहणं आणि मेसेज पाठवणं एवढं या कामाला पुरतं. बॉटकडून सदस्यांना रोल (सर्व्हरवरची पदं) वाटायचे असतील, तर रोलच्या यादीत बॉटचा रोल त्या रोलच्या वर ओढा. नाहीतर सगळ्या परवानग्या देऊनही ५००१३ हा ‘परवानगी नाही’चा एरर येत राहील.

प्रोग्रामच्या फाइलला लायब्ररीचंच नाव दिलं, तर पायथन लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतो. नाव बदला.

‘!पाणी’ला दोन-दोन उत्तरं किंवा एकच आठवण दोनदा येत असेल, तर बहुधा बॉट दोन ठिकाणी चालू आहे: एक होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर), दुसरा घरच्या लॅपटॉपवर मागे राहिलेल्या टर्मिनलमध्ये. तो कुठला हे सापडेना, तर टोकन रिसेट करून नवं फक्त होस्टिंगवर घाला.