क्वेरी पार्सरच्या चुकांची वर्गवारी करताना या चुका टाळा

आमच्या बडोद्याच्या ऑफिसात दर पावसाळ्यात नवी मुलं रुजू होतात. पहिल्या महिन्यात मी त्यांना एकच काम देतो. आमच्या रिपोर्टच्या क्वेरी भाषेत, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवायच्या भाषेत, लोक ज्या चुका करतात, त्यांची वर्गवारी करणारा कोड वाचायचा आणि त्यात एक नवा प्रकार घालायचा. काम दोन-तीन दिवसांचं आहे. तरी दर वर्षी त्याच त्या चुका होतात आणि मी तेच ते सांगत बसतो. म्हणून या वेळी लिहूनच काढतोय.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. वर्गवारी करायची ती क्वेरी लिहिणाऱ्याला नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळावं म्हणून. पार्सर, म्हणजे क्वेरीचं व्याकरण तपासणारा प्रोग्राम, कुठल्या रूलमध्ये अडखळला, याच्याशी मकरपुऱ्यातल्या कारखान्यात बसलेल्या अकाउंटंटला काही देणंघेणं नाही. कॉमा कुठे राहिला, ते त्याला सांगा.

मेसेजचं वाक्य वाचून कप्पा ठरवणं

पार्सरच्या एरर मेसेजमध्ये ‘मिसिंग’ हा शब्द दिसला की ‘काहीतरी राहिलं’, ‘अनएक्स्पेक्टेड’ दिसला की ‘काहीतरी जास्त झालं’. अशा पंधरा-वीस अटी लिहिल्या की संध्याकाळपर्यंत काम झाल्यासारखं वाटतं. मग पार्सरच्या लायब्ररीची (तयार कोडची) नवी आवृत्ती येते, मेसेजचे शब्द बदलतात आणि सगळं ‘इतर’मध्ये जाऊन पडतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर एका सेटिंगने मेसेजची भाषाच बदलता येते. एरर कोड मात्र तोच राहतो.

बडोद्यातल्या मांडवीची सेंट्रल लायब्ररी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून घेतलं आणि ग्रंथालयांची घडी बसवली. तिथे पुस्तक रॅकवर लागतं ते विषयाच्या क्रमांकाने. मुखपृष्ठ बदललं म्हणून पुस्तकाची जागा बदलत नाही. मेसेज हे मुखपृष्ठ आहे.

एरर कोड वापरतानाही घाई नको. एसक्यूएलस्टेट हा डेटाबेसने चुकीसोबत दिलेला पाच चिन्हांचा कोड असतो आणि पहिली दोन चिन्हं वर्ग सांगतात. पुष्कळ जण 42 पाहिलं की ‘सिंटॅक्स’ (व्याकरण) म्हणून मोकळे होतात. पण पोस्टग्रेसमध्ये 42601 म्हणजे सिंटॅक्सची चूक, 42पी01 म्हणजे टेबल सापडलं नाही, 42703 म्हणजे कॉलम सापडला नाही आणि 42501 म्हणजे परवानगी नाही. चौघांचा वर्ग एकच आणि दुरुस्ती चार वेगवेगळ्या! मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची अडचण उलटी आहे. तिथे व्याकरणाची जवळजवळ प्रत्येक चूक 1064 होऊनच येते, त्यामुळे पुढची बारीक वाटणी आपल्यालाच करावी लागते. 1054 आणि 1146, म्हणजे न सापडलेला कॉलम आणि नसलेलं टेबल, हे मात्र 1064 मध्ये मिसळू नका.

एक्सेप्शनच्या प्रकारावर विसंबणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती महाग पडली.

आमची भाषा अँटलर 4 वर, म्हणजे व्याकरणावरून पार्सर तयार करून देणाऱ्या साधनावर आहे. चूक सापडली की अँटलर आपल्या लिसनरला (चुका ऐकून घेणाऱ्या आपल्या कोडला) ओळ, जागा, मेसेज आणि एक एक्सेप्शन (झालेल्या चुकीचा तपशील बाळगणारं ऑब्जेक्ट) देतो. मी सरळ एक्सेप्शनचा प्रकार पाहून कप्पे पाडले. इनपुट मिसमॅच हा एक, नो व्हायेबल ऑल्टरनेटिव्ह दुसरा, फेल्ड प्रेडिकेट तिसरा आणि उरलेलं सगळं ‘इतर’. कोड सुटसुटीत दिसत होता. महिनाअखेरीला रिपोर्ट काढला तर ‘इतर’ सगळ्यात फुगलेला. साहेबांनी विचारलं, लोक नेमकं काय चुकतात? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शनिवारी त्या सगळ्या क्वेऱ्यांचे प्रिंटआउट घेऊन दांडिया बाजारातल्या घरी बसलो आणि लाल पेनने एकेक तपासली. कुठे बंद होणारा कंस राहिलेला, कुठे एक कॉमा जास्त पडलेला. म्हणजे सगळ्यात साध्या आणि समजावून सांगायला सोप्या चुका नेमक्या ‘इतर’मध्ये. कारण असं की, एखादं टोकन (शब्द किंवा चिन्ह) मनाने घालून किंवा जास्तीचं टोकन गाळून पुढे जाता येत असेल, तर अँटलर जागच्या जागी सावरतो आणि रूलमधून बाहेर पडत नाही. अशा वेळी लिसनरला एक्सेप्शन म्हणून नल, म्हणजे काहीच नाही, असं मिळतं. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते पान वाचलं नव्हतं, नेटवरचा नमुना कोड उचलला होता.

तेव्हापासून माझी सवय अशी. डीफॉल्ट एरर स्ट्रॅटेजी (चुकीतून सावरायची अँटलरची तयार पद्धत) तशीच वापरायची नाही. राहिलेल्या टोकनचा आणि जास्तीच्या टोकनचा रिपोर्ट करणाऱ्या दोन्ही मेथड ओव्हरराइड करायच्या, म्हणजे त्यांच्या जागी आपल्या लिहायच्या, आणि नलच्या जागी आपलं स्वतःचं एक्सेप्शन द्यायचं. त्यात अपेक्षित टोकन आणि सापडलेलं टोकन दोन्ही भरायचे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि ‘इतर’मध्ये काय पडलंय ते दर शुक्रवारी डोळ्यांनी वाचायचं. ‘इतर’ न वाचणाऱ्याने वर्गवारी केली असं मी मानत नाही.

लेक्सरकडे दुर्लक्ष

एकदा एका कारखान्यातल्या हिशेबनिसांचा फोन आला. आपलेच मराठी काका, अतिशय व्यवस्थित माणूस.

“अहो, तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय ‘बडोदा’ नावाचा कॉलम नाही. बडोदा कॉलम कसा असेल? गाव आहे ते!”

क्वेरी वाचून दाखवायला सांगितली. व्हेअर शहर, बरोबरचं चिन्ह, कोटमध्ये (अवतरणचिन्हांत) बडोदा. फोनवर सगळं बरोबर वाटत होतं. आमच्याकडे ती चूक ‘कॉलम सापडला नाही’ या कप्प्यात गेली होती, म्हणून आम्ही दोन तास टेबलाची रचना तपासत बसलो. शेवटी मी म्हटलं, “काका, क्वेरी टाइप कुठे केलीत?” तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्वेरी त्यांनी आधी वर्डमध्ये टाइप करून घेतली होती. वर्डने सरळ कोट वळवून कुरळे केले होते. आमच्या लेक्सरला (क्वेरीची टोकन पाडून पार्सरला पुरवणाऱ्या भागाला) ते चिन्ह ठाऊक नव्हतं. त्याने दोन्ही कोट गाळले आणि तो पुढे गेला. पार्सरला मिळाला नुसता बडोदा, म्हणजे त्याच्या लेखी कॉलमचं नाव.

लेक्सरने तक्रार केली होती, पण ती ऐकायला कोणी नव्हतं. अँटलरमध्ये लेक्सर आणि पार्सर यांचे लिसनर वेगवेगळे जोडावे लागतात. आम्ही फक्त पार्सरला जोडला होता आणि लेक्सरची ओरड सर्व्हरच्या कन्सोलवर वाहून जात होती. पोस्टग्रेसमध्येही शेवट असाच होतो, वाट थोडी वेगळी. तो कुरळे कोट नावाचाच भाग धरतो आणि 42703 देतो.

आता आमच्याकडे लेक्सरची एकही तक्रार असली तर तीच पहिली आणि तीच दाखवायची. कुरळे कोट आणि नॉन-ब्रेकिंग स्पेस (साध्या स्पेससारखंच दिसणारं वेगळं चिन्ह) यांना तर मी ग्रामरमध्येच वेगळं टोकन दिलं आहे, म्हणजे ‘हा कोट वर्डमधून आलेला दिसतो’ असं थेट सांगता येतं. काही जण म्हणतात, गुपचूप सरळ करून टाका ना! मी करत नाही. उद्या कोणाच्या डेटामध्येच कुरळा कोट असला तर त्याला चुकीचं उत्तर मिळेल, आणि कळणारही नाही.

थोडक्यात सांगण्यासारखं

एका क्वेरीतून पाच चुका आल्या तर मोजायची ती पहिली. बाकीच्या बहुधा तिचीच पिल्लं असतात.

कोट राहिल्याचा संशय असेल तर आधी कोट मोजा. विषम आले की उत्तर मिळालं. दुहेरी लिहून घातलेला कोट दोनदा मोजला जातो, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. कॉमेंट मात्र आधी वगळा.

मायएसक्यूएल मेसेजमधल्या ‘निअर’ शब्दापुढे रिकामं अवतरण दाखवतो तेव्हा क्वेरी अर्ध्यावर संपलेली असते. तिला वेगळा कप्पा द्या.

ऑर्डर, ग्रुप, युझर अशी कॉलमची नावं ठेवलेली असतील तर चूक ‘राखीव शब्द’ म्हणून नोंदवा, ‘अनपेक्षित टोकन’ म्हणून नको.

चूक दिसते तिथेच असते असं धरणं

ही क्वेरी बघा: सिलेक्ट नाव गाव पिनकोड फ्रॉम ग्राहक. पार्सर पिनकोडवर अडतो, कारण त्याने गाव हे नावाचं टोपणनाव समजून घेतलेलं असतं. पहिला कॉमा राहिला तो दोन शब्द मागे. पिनकोड काढून टाकला तर चूक येतच नाही. एकच कॉलम येतो, त्यावर मथळा ‘गाव’ आणि खाली माणसांची नावं. हे पार्सर पकडणार नाही, त्यासाठी वेगळी सूचना हवी. टोपणनाव जर त्याच टेबलातल्या कॉलमचं नाव निघालं, तर मी इशारा देतो.

खाली बाण काढून जागा दाखवायच्या फंदातही पडू नका. अँटलर ओळी 1 पासून मोजतो आणि ओळीतली जागा 0 पासून. पोस्टग्रेस जागा 1 पासून मोजतो, तीही बाइटमध्ये नाही, कॅरेक्टरमध्ये. आणि ‘बडोदा’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये अक्षरं आणि मात्रा वेगळ्या मोजून पाच कोड पॉइंट होतात, यूटीएफ-8 मध्ये 15 बाइट. देवनागरी आली की बाण भलत्याच शब्दाखाली जातो आणि माणूस बरोबर असलेला शब्द खोडत बसतो. मी अडलेला शब्द आणि त्याच्या आधीचे शब्द जसेच्या तसे मेसेजमध्ये छापतो: “‘पिनकोड’पाशी अडलं. ‘नाव’, ‘गाव’ आणि ‘पिनकोड’ यांच्यामध्ये कॉमा राहिला आहे का?”