जुन्या ठकीची डागडुजी करताना या चुका टाळा

सावंतवाडीच्या चितारआळीतून कधीतरी आणलेली, लाल लुगड्याची आणि वाटोळ्या काळ्या डोळ्यांची लाकडी ठकी, म्हणजे बाहुली, आजही अनेक घरांत भातुकलीच्या डब्यात नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत सापडते. रंगाचे पोपडे सुटलेले असतात, नाकाचा टवका उडालेला असतो, आणि आईच्या किंवा आजीच्या हातची वस्तू म्हणून ती पुन्हा नव्यासारखी करावी असे मनात येते. पुढे जे होते त्याला आपल्याकडे ‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती’ असे म्हणतात. जुन्या ठकीचे सर्वांत मोठे नुकसान वर्षानुवर्षांच्या खेळण्याने होत नाही; दुरुस्तीला बसल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत होते.

माझ्या आईची ठकी मला २०२० च्या टाळेबंदीत ट्रंकेत मिळाली. त्या दिवसांत घरातली प्रत्येक वस्तू पुसली जात होती, तशी मी तीही सॅनिटायझरच्या बोळ्याने पुसली. क्षणभरात गालाला चिकटा आला, कापसाचे तंतू त्यात रुतले आणि लुगड्याचा लाल रंग हनुवटीपर्यंत ओढला गेला. तो डाग आजही तसाच आहे. सॅनिटायझरमध्ये मुख्यत्वे अल्कोहोल असते आणि ठकीवरच्या रोगणातली लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे मला ठाऊक होते, पण त्या वेळी आठवले नाही.

म्हणून आधी ठकी कशी घडते हे लक्षात घ्यावे. आत पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड असते. त्यावर खडू आणि सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) किंवा चिंचोक्याची खळ यांचा पांढरा अस्तर-लेप, त्यावर पाण्यात कालवलेले रंग आणि सर्वांत वर लाखेचे रोगण असते. अस्तर आणि रंग पाण्याला भितात, रोगण स्पिरिटला आणि उष्णतेला भिते. त्यामुळे ओले फडके, साबण, नेलपॉलिश रिमूव्हर आणि कडक ऊन हे चारही वर्ज्य समजावेत. धूळ फक्त मऊ, कोरड्या ब्रशने झाडावी आणि तीही पोपडे सुटलेली जागा वगळून. आणखी काही करण्याची गरजच वाटली, तर ठकीच्या बुडाच्या बैठकीच्या मागच्या कडेला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, कान साफ करण्याच्या काडीचे टोक जेमतेम ओलसर करून टेकवून पाहावे. काडीला रंग लागला, तर पाण्याचा विषय तिथेच संपला. पाण्याने काहीच होत नाही आणि रंग जाड, चकचकीत दिसतो, अशा वेळी कोणीतरी पूर्वी त्यावर ऑइलपेंट चढवलेला असण्याची शक्यता अधिक. तो खरवडण्याच्या किंवा पॉलिश पेपरने घासण्याच्या भानगडीत पडू नये, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम आपल्या देशात २०१६ साली आले.

पावसाळ्यात रोगणावर पांढरट ढग आलेला दिसला, तर घाबरून घासू नये. लाखेत ओल शिरल्याचे ते लक्षण आहे आणि हवेशीर, सावलीच्या जागी आठ-पंधरा दिवस ठेवल्यास पुष्कळदा ते आपोआप कमी होते.

सुटलेले पोपडे

दुरुस्तीतले खरे काम हेच आहे, आणि लोक नेमके तेच सोडून नाकाच्या मागे लागतात. पोपडा एकदा गळला की तो कायमचा गेला. तो बसवण्यासाठी झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. तो पातळ असल्यामुळे अस्तरात भराभर शोषला जातो, तिथे काचेसारखा कडक होतो, आजूबाजूला पांढरी धुरकट झाक सोडतो आणि तो काढायला लागणारे ॲसिटोन रोगणालाही सोडत नाही. त्याऐवजी केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारे बिनचवीचे, बिनरंगाचे जिलेटिन घ्यावे. सरसाचेच ते शुद्ध रूप आहे. १ ग्रॅम जिलेटिन ३० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवावे आणि वाटी गरम पाण्यात ठेवून विरघळवावे. उकळू मात्र देऊ नये, नाहीतर त्याचा चिकटपणा कमी होतो. अगदी बारीक ब्रशच्या टोकाने एकच थेंब पोपड्याच्या कडेला टेकवला की तो आपणहून आत ओढला जातो. मग वर बटर पेपरचा तुकडा ठेवून बोटाने अलगद दाबावे, आणि एका बैठकीत नखाएवढी जागा झाली तरी पुरे मानावे. पुढेमागे अधिक जाणता माणूस भेटला, तर कोमट ओलाव्याने हा सांधा त्याला पुन्हा सोडवता येतो.

तुटलेले नाक किंवा बैठकीचा टवका जपून ठेवला असेल, तर तोही सरसानेच, जरा दाट करून, चिकटवावा. त्याआधी तुकडा कोरडाच बसवून तो नीट जुळतो का ते पाहावे. रबर बँडने आवळल्यास रंगावर वळ उठतात. मऊ सुती पट्टी गुंडाळावी आणि २४ तास, पावसाळ्यात ४८ तास, हात लावू नये. तुकडा हरवलाच असेल, तर एपॉक्सी पुटीचे नाक लावण्यापेक्षा नकटी ठकी बरी, असे माझे मत आहे.

भेग आणि भुंगा

कोकणातल्या दमट हवेत वाढलेली ठकी लेकीबरोबर न्यू जर्सीला गेली, की हिवाळ्यात हीटरने कोरड्या पडलेल्या घरात तिला पाठीवर उभी भेग पडते. लाकूड आडव्या अंगाने आकसते, उभ्या अंगाने जवळजवळ नाही, म्हणून भेग रेषांबरोबर जाते. ती लांबीने, म्हणजे पुटीने, भरू नये. उन्हाळ्यात ओल परतली की लाकूड फुगते, भेग मिटू पाहते, आणि आत भरलेला कडक पदार्थ दोन्ही काठांवरचा रंग उचकटतो. हीटरपासून दूर, बंद डब्यात ठेवणे हाच उपाय.

लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची बारीक भोके दिसली, तर ठकीखाली काळा कागद पसरून महिनाभर वाट पाहावी. ताजी, फिकट भुकटी पडली तरच कीड जिवंत आहे असे समजावे. रॉकेल किंवा तेल सोडल्याने लाकूड काळवंडते आणि पुढे कोणताही गोंद धरत नाही. पोपडे आधी पक्के करून, ठकी टिपकागदात गुंडाळून, हवा काढलेल्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करावी आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास थंड रंगावर दव धरते. २४ तास ती तशीच राहू द्यावी.

रंग भरायचाच झाला, तर फक्त उडालेल्या जागेत, जलरंगाने आणि मूळ छटेपेक्षा किंचित फिका भरावा. आधी चारही बाजूंनी फोटो काढावेत, आणि काय लावले, कधी लावले याची चिठ्ठी डब्यात ठेवावी. माझ्या आईच्या ठकीबरोबरच्या चिठ्ठीत पहिली ओळ सॅनिटायझरची आहे.