डिजिटल चित्रात चेहरा वाकडा होऊ नये म्हणून

एकाच चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिलं की नजर त्याला सरावते. मग एक डोळा वर चढलेला असो की जबडा एका बाजूला सरकलेला, ते दिसेनासंच होतं. त्यामुळे चेहरा सरळ आहे का, हे चित्र संपल्यावर नाही, पहिल्या स्केचपासूनच बघायला हवं.

सुरुवातीला वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, डोक्याचा अंडाकार काढा आणि त्यात एक उभी व एक आडवी रेघ मारा. डोळ्यांची आडवी रेघ कवटीचा माथा आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्ये येते. केसांचा फुगवटा यात धरायचा नाही. तो धरला की डोळे हमखास वर जातात. समोरून पाहिलेल्या चेहऱ्याची रुंदी साधारण ५ डोळ्यांएवढी असते आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा राहते. मान कललेली असेल तर भुवया, डोळे, नाकाचा तळ आणि ओठ या सगळ्यांच्या रेघा सारख्याच कलल्या पाहिजेत. बहुतेक वेळा डोळे कलतात आणि ओठ मात्र आडवेच राहतात.

चेहरा अगदी समोरून असेल तर सिमेट्री वापरा, म्हणजे एका बाजूला काढलेली रेघ दुसऱ्या बाजूलाही आपोआप उमटते. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये ती ड्रॉइंग गाइडमध्ये आहे, क्लिप स्टुडिओ या ॲपमध्ये त्यासाठी सिमेट्रिकल रूलर आहे. पण कच्चं स्केच झालं की ती बंद करा. केस, सावल्या, हावभाव दोन्हीकडे हुबेहूब आले तर चेहरा मुखवट्यासारखा दिसतो.

यानंतरची सवय मला सगळ्यात मोलाची वाटते: कॅनव्हास आडवा फ्लिप करून, म्हणजे आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटं करून बघणं. क्रिटा या ॲपमध्ये फक्त ‘एम’ दाबायचं. चित्र तसंच राहतं, दिसतं तेवढं उलटं. दुसऱ्या ॲपमध्ये यासाठी शॉर्टकट लावून घ्या, म्हणजे दर थोड्या वेळाने फ्लिप करायचा कंटाळा येणार नाही.

फ्लिप केल्यावर काहीतरी खटकलं, तर लगेच खोडू नका. आधी दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे जोडणारी रेघ मारा, मग बाहेरचे कोपरे, मग ओठांची टोकं. जी रेघ बाकीच्यांना समांतर नाही, घोळ तिथे आहे. तेवढा भाग लॅसोने (भोवती हाताने रेघ ओढून निवडायच्या टूलने) सिलेक्ट करून सरकवा किंवा किंचित फिरवा. जबडा किंवा गाल फुगला असेल तर मोठ्या ब्रशने लिक्विफाय करा, म्हणजे त्या टूलने तो भाग ढकलून आकारात आणा. लहान ब्रशने कडा लाटांसारख्या होतात.

चेहरा तिरका असेल तर सिमेट्री टूल कामाचं नाही. मधली रेघ चेहऱ्याच्या गोलाईप्रमाणे वळते, पलीकडचा गाल आणि डोळा अरुंद होतो. तिथे आडव्या रेघा आणि फ्लिप यांच्यावरच भिस्त ठेवा.

रंगकाम झाल्यावरही एकदा फ्लिप करा. गडद सावलीतला डोळा मापात बरोबर असूनही लहान वाटू शकतो. अशा वेळी रेघ हलवू नका, सावली थोडी हलकी करा.