पवईला इलेक्ट्रिकल शिकताना: आधी कागद, मग ब्रेडबोर्ड

दहावीपर्यंत मी विभवांतर, रोध, धारिता असं शिकले. आयआयटी मुंबईत इलेक्ट्रिकलला आले आणि पहिले दोन महिने फळ्यावरचं उतरवून घेण्यातच गेले. मराठी माध्यमातून पवईला येणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय.

लॅबच्या आदल्या रात्री सर्किट हाताने सोडवा आणि उत्तर आकड्यात काढा. १० किलोओहमचा रेझिस्टर, १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर लो-पास फिल्टरचा (कमी फ्रिक्वेन्सीचे सिग्नल पुढे जाऊ देणाऱ्या सर्किटचा) कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचे सिग्नल दबत जातात ती फ्रिक्वेन्सी, साधारण १.५९ किलोहर्ट्झ येतो. तो वहीत पेनाने लिहा. मग एनजीस्पाइसवर, म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवर चालवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून बघा. ते फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईतल्याच फॉसी या (शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणणाऱ्या) प्रकल्पाचं ईसिम हे सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअर त्याच्याच आधाराने चालतं.

लॅबमध्ये आकडा जुळला नाही, तर लगेच सर्किट उचकटू नका. मी उचकटलं होतं. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडलेले, त्यांना ५ व्होल्ट, मधे २.५ यायला हवेत. डीएसओ (व्होल्टेज स्क्रीनवर दाखवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप) दाखवत होता १.६७. रेझिस्टर बदलले, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची भोकांची पाटी) बदलला, तास संपत आला. टीए (लॅबमध्ये शिकवायला मदत करणारा टीचिंग असिस्टंट) आला आणि एवढंच म्हणाला, "प्रोब आकृतीत काढलास का?" प्रोब म्हणजे डीएसओची सर्किटला टेकवायची वायर. काढला नव्हता. डीएसओचा स्वतःचा इनपुट रोध १ मेगाओहम. तो खालच्या रेझिस्टरला समांतर जोडला गेला, की तिथे अर्धा मेगाओहमच उरतो. प्रोब टेन-एक्सवर नेला, म्हणजे तो रोध दहापट होतो त्या सेटिंगवर, तेव्हा २.३८ आले. अडीच तेव्हाही नाहीतच, पण ते का नाहीत हे आता मला मांडता येत होतं. तेव्हापासून मोजणारं उपकरणही मी सर्किटमध्ये काढते.

थिअरी स्वतःला मराठीत समजावून सांगा, मोठ्याने. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुट वाढलं की तेच स्वतःला आवरतं) मला गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोटवरून कळला: पाणी चढतं तसा तोच नळ बंद करत जातो. पेपरात इंग्रजी लिहावं लागतं, ते सरावाने येतं.

टीएकडे कोरी वही घेऊन जाऊ नका. अडलेली ओळ दाखवा, मग तोही मनापासून बसतो.

आणि संशोधनाला बिचकू नका. २६ सप्टेंबर २०१६ला पीएसएलव्ही-सी३५वरून गेलेला 'प्रथम' उपग्रह इथल्या विद्यार्थ्यांनीच बांधला होता. एखाद्या सरांकडे किंवा मॅडमकडे काम मागायचं असेल, तर त्यांचा एक पेपर वाचा, त्यातला एक आलेख स्वतः काढून बघा आणि तो ईमेलला जोडा.